गुंगीचं इंजेक्शन: आदल्या रात्रीपासून ऑपरेशननंतरच्या चोवीस तासांपर्यंत

"डॉक्टर, मला काही कळू देऊ नका. सरळ झोपवून टाका." ऑपरेशनच्या टेबलावर येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हे कुठल्या ना कुठल्या शब्दांत म्हणतोच. भूलतज्ज्ञ म्हणून मी ते इतकी वर्षं ऐकते आहे, आणि "हो, झोप लागेल हं" हे उत्तरही आमच्या तोंडी बसलेलं आहे. घोटाळा सुरू होतो तो याच उत्तरापासून. रुग्णाच्या मनातली झोप म्हणजे डोळे मिटले, उघडले आणि सगळं आटोपलेलं. डॉक्टरच्या मनात मात्र पुष्कळदा फक्त गुंगी असते. माणूस पेंगतो, हाक मारली तर ओ देतो, मधूनच आवाज ऐकतो, पुन्हा पेंगतो. मग पाठीत इंजेक्शन देऊन चाललेल्या ऑपरेशनमध्ये मध्येच कुणाचं तरी बोलणं कानावर पडतं आणि रुग्णाला वाटतं, माझी भूल उतरली! प्रत्यक्षात सगळं ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं, फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भूल दिलेली असताना जाग आल्याच्या तक्रारींचा एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण पाचातल्या एका तक्रारीत रुग्णाला पूर्ण भूल द्यायचं ठरलेलंच नव्हतं, ठरली होती ती गुंगी. त्या माणसांची भीती खरी होती आणि त्रासही खरा होता. चुकलं ते आधीच्या बोलण्यात. म्हणून या लेखात औषधांइतकंच बोलण्याबद्दलही लिहिलं आहे. डोस डॉक्टरनेच ठरवायचा, पण बाकीचं बरंच काही तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या हातात असतं.

पहिली पायरी: किती खोल गुंगी, हे विचारून घ्या

गुंगीच्या साधारण चार पातळ्या मानल्या जातात. पहिलीत माणूस जागा असतो, फक्त धडधड कमी झालेली असते. दुसरीत तो पेंगतो, पण नाव घेऊन हाक मारली किंवा खांद्याला हलकेच हात लावला की सांगितलेलं करतो. श्वास स्वतःचा स्वतः नीट चालू असतो. तिसरी पातळी खोल. तिथे वारंवार हाक मारावी लागते किंवा दुखेल असं काही केल्यावरच माणूस प्रतिसाद देतो, आणि जीभ मागे पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो. चौथी म्हणजे पूर्ण भूल, जिच्यात दुखलं तरी जाग येत नाही आणि श्वासाची काळजी बहुतेक वेळा डॉक्टरलाच वाहावी लागते.

कागदावर या पातळ्या वेगवेगळ्या दिसतात, माणसात त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एकाला जेमतेम पेंग आणणारा डोस दुसऱ्याला थेट तिसऱ्या पातळीवर नेतो. म्हणून गुंगी देणाऱ्याला ठरलेल्या पातळीच्या एक पाऊल पुढचं सांभाळता आलं पाहिजे, असा आमच्या शास्त्रातला नियम आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना सांगावीच लागते. गुंगीचं औषध आणि दुखणं थांबवणारं औषध ही दोन वेगळी कामं आहेत. मिडाझोलम किंवा प्रोपोफॉल वेदना मारत नाही. वेदना थांबते ती जागा बधिर करणाऱ्या इंजेक्शनाने, पाठीतल्या इंजेक्शनाने किंवा फेंटानिलसारख्या वेदनाशामकाने. बधिर केलेल्या भागाला ओढलेलं, दाबलेलं, हलवलेलं कळू शकतं आणि ते नेहमीचं आहे. दुखणं मात्र नेहमीचं नाही.

भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा हे प्रश्न सरळ विचारा: मला पूर्ण भूल देणार की गुंगी? मध्ये जाग आली तर मला काय ऐकू येईल, काय जाणवेल? नंतर काय आठवेल? मला अजिबात जागं राहायचं नसेल तर दुसरा काही पर्याय आहे का? गुंगी देणारी व्यक्ती आणि ऑपरेशन करणारी व्यक्ती वेगवेगळी असेल ना? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. कचरू नका. ज्याचं लक्ष आत चाललेल्या कामावर आहे, त्याला तुमच्या श्वासावर सतत लक्ष ठेवता येत नाही.

दुसरी पायरी: काहीही न लपवता सांगा

झोपेच्या गोळ्या घेत असाल तर पहिल्यांदा तेच सांगा. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम ही नावं सांगताना लोक आवाज खाली आणतात, घरच्यांसमोर तर बोलतच नाहीत. पण अशा गोळ्या रोज घेणाऱ्या माणसाला नेहमीच्या डोसने गुंगी पुरत नाही, हे एक. आणि दुसरं जास्त गंभीर आहे: ऑपरेशन आहे म्हणून या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद केल्या तर हात थरथरणं, भ्रम होणं, क्वचित झटके येणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. कधी, किती घ्यायची हे डॉक्टरला विचारूनच ठरवा. रोजच्या दारूचंही तसंच. सांगितलंत तर आम्ही तयारीत राहतो. संकोच वाटत असेल तर घरच्यांना बाहेर थांबायला सांगून बोला. आम्ही हे ऐकून कुणालाही बोल लावत नाही.

घोरण्याबद्दल तुम्ही स्वतः काही सांगू शकत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याला सोबत आणा. जोरात घोरणं, झोपेत मध्येच श्वास थांबणं आणि मग दचकून उठणं, दिवसभर पेंग येणं, जोडीला रक्तदाब, जाड मान, वाढलेलं वजन हे सगळं एकत्र असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असण्याची शक्यता मोठी. अशा माणसाला थोडीशी गुंगीही जड जाते, कारण घशाचे स्नायू आधीच सैल असतात. रात्री मास्कचं यंत्र लावून झोपत असाल तर ते यंत्र हॉस्पिटलमध्ये घेऊनच या.

काही औषधांमुळे मिडाझोलम शरीरातून लवकर निघत नाही. बुरशीवरच्या काही गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, एचआयव्हीवरचं रिटोनाविर हे त्यातलं. मधुमेहासाठी किंवा वजन कमी करायला सेमाग्लुटाईड, लिराग्लुटाईड यांसारखी औषधं चालू असतील तर जठर उशिरा रिकामं होतं. दिवसभर उपाशी राहूनही पोटात अन्न सापडू शकतं, म्हणून शेवटचा डोस कधी घेतला ते तारखेसह सांगा. गांजा किंवा दुसरी कुठली नशा करत असाल तर तीही सांगा. झोपेसाठीची वनस्पतीजन्य औषधंसुद्धा यादीत लिहा, ती "औषधात धरत नाहीत" हा गैरसमज आहे.

आणि आधीचा अनुभव. मागच्या ऑपरेशननंतर खूप उलट्या झाल्या, जाग यायला फार वेळ लागला, शुद्धीवर येताना आरडाओरडा केला, जवळच्या नात्यात कुणाला भूल देताना काही विपरीत घडलं, यातलं काहीही असलं तरी ते आम्हाला सोन्यासारखं आहे.

आदल्या रात्रीची गोळी

पूर्वी आदल्या रात्री एक गोळी आणि सकाळी आत नेण्याआधी एक, हा सरसकट रिवाज होता. आता तो ओसरतो आहे आणि माझ्या मते ते बरंच झालं.

१९६३ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. काही रुग्णांना ऑपरेशनच्या तासभर आधी पेंटोबार्बिटॉल या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं. काहींना फक्त भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटायला गेले आणि दुसऱ्या दिवशी काय काय होणार ते समजावून सांगितलं. इंजेक्शन घेतलेले पेंगुळले, पण शांत झाले असं नाही. ज्यांच्याशी कुणीतरी नीट बोललं होतं, ते जास्त शांत होते. पुढे २०१५ साली फ्रान्समध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना ऑपरेशनआधी लोराझेपाम, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, काहींना काहीच नाही. लोराझेपाम घेतलेल्यांचं समाधान बाकीच्यांहून जास्त नव्हतं. उलट त्यांची श्वासनळीतली नळी काढायला थोडा जास्त वेळ लागला आणि डोकं ताळ्यावर यायलाही उशीर झाला.

याचा अर्थ गोळी कधीच द्यायची नाही, असा मी काढत नाही. सुई दिसताच ज्याला घेरी येते, भीतीने ज्याचा रक्तदाब आभाळाला टेकतो, ज्याला मागचा अनुभव वाईट आला आहे, त्याला गोळीने खरोखर फरक पडतो. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळीनेही ऑपरेशनआधीची चिंता कमी होते असं अभ्यासांत दिसलं आहे, आणि त्याने डोकं फारसं जड होत नाही. पण भीती वाटते म्हणून घरातली कुणाचीतरी गोळी रात्री परस्पर घेऊन येऊ नका. सकाळी आम्ही जे देऊ ते तिच्यावर चढेल, आणि आम्हाला ते माहीत नसेल.

उपाशी राहणं गुंगीलाही लागू आहे

"पूर्ण भूल नाही ना, मग थोडं खाल्लं तर काय बिघडतं?" बिघडतं ते असं: गुंगी खोल गेली की घशाची ती जागरूकता जाते, जिच्यामुळे ठसका लागून अन्न श्वासनळीत जायचं थांबतं. पोटातलं आंबट पाणी वर आलं आणि फुप्फुसात उतरलं तर साध्या ऑपरेशनचा माणूस अतिदक्षता विभागात जातो. आणि गुंगी किती खोल जाईल हे आधी छातीठोक सांगता येत नाही.

मोठ्यांसाठी सर्वसाधारण हिशोब असा. हलकं खाणं ६ तास आधी बंद. तळलेलं, तुपातेलातलं किंवा मांसाहारी जेवण असेल तर ८ तास किंवा त्याहून जास्त. दूध ६ तास, आणि दूध घातलेला चहा-कॉफी दुधातच धरायची. तान्ह्या बाळाचं ऑपरेशन असेल तर आईचं दूध ४ तास. साधं पाणी, न दूध घातलेला चहा, गर नसलेला गाळलेला रस हे २ तास आधीपर्यंत चालतं.

या शेवटच्या ओळीकडे लोकांचं लक्षच जात नाही. रात्री दहापासून पाण्याचा थेंबही न घेता दुपारी दोनला टेबलावर येणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. घसा कोरडा, डोकं दुखतंय, रक्तदाब खाली, आणि त्यावर प्रोपोफॉल दिलं की तो आणखी कोसळतो. तुमच्या डॉक्टरने वेगळं काही सांगितलं नसेल तर दोन तास आधीपर्यंत पाणी प्यायला हरकत नाही. तेवढं नक्की विचारून घ्या. नेहमीच्या गोळ्यांपैकी कुठल्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि कुठल्या टाळायच्या, हेही लिहूनच आणा. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचा हिशोब उपाशीपोटी बदलतो.

सकाळी, आत नेण्याआधी

संमतीपत्रावर सही गुंगीचं कुठलंही औषध घेण्याआधी करायची. औषध पोटात किंवा शिरेत गेल्यावर घेतलेली सही म्हणजे समजून दिलेली संमती नव्हे. कुणी घाईत आधी इंजेक्शन आणि मग कागद पुढे केला, तर थांबवा.

लघवीला आधीच जाऊन या. एकदा औषध घेतलं की एकट्याने पलंगावरून उतरायचं नाही, "मला काहीच झालेलं नाही" असं वाटत असलं तरी. पडण्याचे प्रकार नेमके तेव्हाच होतात. नखांचा रंग काढा, रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला जो चिमटा लावतात, त्याचं मोजमाप त्याने बिघडू शकतं. कवळी आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून घरच्यांकडे द्या. कानाचं यंत्र मात्र शेवटपर्यंत राहू द्यावं का, हे विचारा. ज्याला आमची हाक ऐकूच येत नाही, त्याची गुंगी किती खोल आहे हे आम्ही ओळखायचं कसं?

टेबलावर

हातात सुई लागलेली असते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, छातीवर चिकटपट्ट्या, बोटाला चिमटा, नाकाशी प्राणवायूची नळी. त्या चिमट्यामागचं तत्त्व जपानच्या टाकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधलं. त्याआधी रुग्णाचे ओठ आणि नखं निळी पडतात का, हे डोळ्यांनी बघावं लागायचं. पण चिमट्यालाही मर्यादा आहे. प्राणवायू चालू असताना श्वास मंदावला तरी आकडा काही वेळ चांगलाच दिसत राहतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड मोजणारं यंत्र लावतात. ते पहिल्या काही श्वासांतच सांगतं की काहीतरी बिघडतंय. खोल गुंगी देणार असतील तर हे यंत्र आहे का, असं विचारणाऱ्या नातेवाइकाचा मला राग येत नाही.

आता औषधं, आणि ती घेताना काय वाटतं ते.

मिडाझोलम शिरेतून दिलं की एकदोन मिनिटांत अंग हलकं वाटतं, बोलणं लांबतं. त्याचा मोठा गुण म्हणजे पुढच्या काही वेळाची आठवण साठत नाही. माणूस आमच्याशी नीट बोलतो, कूस बदलतो, हसतो, आणि नंतर म्हणतो, "मी तर गाढ झोपलो होतो." आधीचं मात्र पुसलं जात नाही. दोन मिनिटांपूर्वी घेतलेली भीती तशीच लक्षात राहते, म्हणून भीती वाढण्याआधीच ते देण्यात अर्थ आहे. त्याआधीच्या पिढीचं डायझेपाम शरीरात दिवसच्या दिवस रेंगाळतं आणि शिरेला आगही करतं, त्यामुळे या कामासाठी ते मागे पडलं.

प्रोपोफॉल ते पांढरं, दुधासारखं. सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनच्या आधाराने ते तयार करतात. इयन ग्लेन या मूळच्या पशुवैद्यकातल्या भूलतज्ज्ञाने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९८६ साली ते ब्रिटनमध्ये वापरात आलं. आत जाताना हात आगीसारखा चुरचुरतो. तो क्षणभराचा त्रास आहे, घाबरू नका. अर्ध्या-पाऊण मिनिटात डोळे मिटतात आणि औषध थांबवलं की पाचदहा मिनिटांत उघडतात. उठल्यावर पुष्कळांना छान झोप झाल्यासारखं वाटतं. पण याच औषधाने श्वास थांबू शकतो आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो, आणि त्याला उतारा नाही. २००९ साली मायकेल जॅक्सन यांचा मृत्यू घरी झोप यावी म्हणून दिलेल्या प्रोपोफॉलने झाला, जोडीला झोपेची दुसरी औषधंही होती. दोष औषधाचा नव्हता. ते देताना जी यंत्रं आणि जे सतत लक्ष लागतं, ते तिथे नव्हतं.

डेक्समेडेटोमिडीनची गुंगी नैसर्गिक झोपेच्या सगळ्यांत जवळची. हाक मारली की माणूस उठतो, बोलतो, पुन्हा झोपतो, श्वास फारसा दबत नाही. नाडी मात्र मंदावते. केटामाईन वेगळ्याच जातीचं: वेदना मारतं, श्वास चालू ठेवतं, डोळे उघडे असले तरी माणूस तिथे नसतो. उतरताना काहींना विचित्र, तरंगल्यासारखी स्वप्नं पडतात. आधी सांगून ठेवलं तर ती कमी भीतिदायक वाटतात.

दोन औषधं एकत्र दिली की बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मिडाझोलम आणि फेंटानिल स्वतंत्रपणे जेवढा श्वास दाबतात, त्याहून कितीतरी जास्त एकत्र दाबतात. चांगला भूलतज्ज्ञ म्हणून थोडं देतो, थांबतो, बघतो, मग पुन्हा थोडं देतो. "अजून झोप का येत नाही?" असं वाटलं तर तेवढी दोन मिनिटं धीर धरा. त्या थांबण्यात तुमची सुरक्षितता आहे.

गुंगीत आपल्या मनातलं गुपित बाहेर पडेल, अशी भीती अनेकांना असते आणि विचारायची लाज वाटते. बहुतेक जण पेंगतात किंवा घरच्या गोष्टी बडबडतात. जे काही कानावर येतं ते आमच्यापाशीच राहतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दुखलं तर बोला. बोलता येणार नसेल तर हाताची कुठली खूण करायची, ते आधी ठरवून घ्या. मी रुग्णाच्या हातात माझी दोन बोटं देते आणि सांगते, दुखलं की दाबा. सहन करून कुणालाही मोठेपणा मिळत नाही, आणि दुखणाऱ्या माणसाला नुसती जास्त गुंगी देत राहणं हे चुकीचं आहे. आधी दुखणं थांबवलं पाहिजे.

लहान मुलं

मुलांना बहुधा तोंडातून मिडाझोलम देतात, ऑपरेशनच्या वीस-तीस मिनिटं आधी. ते कडू असतं, म्हणून गोड पाकातून देतात. काही ठिकाणी नाकात थेंब सोडून डेक्समेडेटोमिडीन देतात. त्याला जास्त वेळ लागतो, पण चवीचा प्रश्न नसतो. काही मुलं औषधाने शांत व्हायच्या ऐवजी उलट चिडतात, रडतात, हातपाय झाडतात. हा औषधाचाच परिणाम असतो, मुलाचा हट्ट नाही. रागावू नका.

घरून निघताना किंवा वाटेत मुलाला गुंगीचं काहीही देऊ नका, कुणी "निघायच्या आधी देऊन ठेवा" म्हणालं तरी. गाडीत बसल्याबसल्या मान पुढे कलून श्वास कोंडल्याने मुलं दगावली आहेत. औषध तिथेच द्यायचं, जिथे प्राणवायू आणि ते वापरणारी माणसं आहेत.

मुलाला खोटं सांगू नका. "काही नाही, फिरायला चाललोय" म्हणून आणलेलं मूल दारातच ओळखतं आणि मग कुणावरच विश्वास ठेवत नाही. "तुला झोपेचं औषध देतील, उठशील तेव्हा मी तिथेच असेन" एवढं खरं वाक्य पुरतं. ते मग पाळायचंही.

वृद्ध माणसं

इथे मी थोडी आग्रही आहे. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला तरुणाच्या डोसपेक्षा बराच कमी डोस पुरतो, आणि तोही चढायला वेळ लागतो. मिडाझोलम, लोराझेपाम यांच्या कुळातली औषधं वृद्धांना शक्यतो टाळावीत असा सल्ला दिला जातो, कारण नंतर भ्रम होण्याचा धोका असतो. भ्रम म्हणजे फक्त ओरडणं, सलाईन उपटणं नव्हे. एरवी बोलके असलेले वडील गप्प पडून राहिले आहेत, नजर हरवली आहे, नातवाचं नाव आठवत नाही, दिवसा झोपून रात्री जागे आहेत, हेही भ्रमच. "थकलेत, झोपू द्या" म्हणून हे सहज सुटून जातं. हा बदल सगळ्यांत आधी घरच्यांच्या लक्षात येतो. आला की त्याच वेळी सांगा.

उपाय म्हणाल तर साधे असतात. चष्मा आणि कानाचं यंत्र शुद्धीवर येताच परत द्या. दिवसा खिडकीचा उजेड, रात्री अंधार. ओळखीचा चेहरा जवळ. आज कुठला वार, आपण कुठे आहोत, हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मागू नका, तिने भ्रम बळावू शकतो.

रिकव्हरीत

घरी सोडायचं का, हे अंदाजाने ठरवत नाहीत. १९७० साली ॲल्ड्रेट यांनी मांडलेली गुणपद्धत किंवा तिची सुधारलेली रूपं आजही वापरतात: हातपाय हलवणं, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि प्राणवायूचं प्रमाण, प्रत्येकाला दोनपैकी गुण. दहापैकी नऊ झाले की माणूस रिकव्हरीतून हलवण्याजोगा. घरी जायला त्याखेरीज नीट चालता येणं, उलट्या नसणं, दुखणं आटोक्यात असणं हेही बघतात.

कधी गुंगी जास्त झाली तर उतारा देतात. मिडाझोलमवर फ्लुमाझेनिल, फेंटानिलवर नालोक्सोन. माणूस खाडकन जागा होतो आणि घरच्यांना वाटतं, आता निघू या. पण उताऱ्याचा असर मूळ औषधाआधी संपू शकतो आणि गुंगी परत चढते. उतारा दिला असेल तर निदान दोन तास तरी देखरेखीखाली थांबा, घरी जायची कितीही घाई असली तरी.

डॉक्टर याच वेळी येऊन सांगतात की ऑपरेशन कसं झालं, गोळ्या कशा घ्यायच्या. रुग्ण मान डोलावतो, प्रश्नही विचारतो. दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काही आठवत नाही. म्हणून सूचना ऐकायला शुद्धीतला माणूस शेजारी हवा, आणि त्या लेखी हव्यात.

घरी, पुढचे चोवीस तास

गाडी, दुचाकी, धारदार यंत्र, गॅसवरचं एकट्याने काम नको. कुठल्या कागदावर सही नको, पैशांचा व्यवहार नको, दारू अजिबात नको. लहान बाळ एकट्या रुग्णाच्या भरवशावर ठेवू नका. डोकं साफ झाल्यासारखं वाटतं, पण प्रतिसादाचा वेग आणि निर्णयशक्ती मागे असते. पहिल्या रात्री एक मोठं माणूस सोबत हवंच. कुणी नसेल तर हे आधी सांगा, म्हणजे हॉस्पिटलमध्ये ठेवून घेता येईल.

स्तनदा आई नेहमीच्या गुंगीनंतर पूर्ण जागी झाली, बाळाला नीट धरता आलं की पाजायला हरकत नसते. दूध काढून फेकून द्यायची गरज सहसा नसते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा आईला तीव्र वेदनाशामकं चालू असतील तर विचारून घ्या.

ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं घरी दिली असतील तर रोजची झोपेची गोळी त्या रात्री घ्यायची का, हे निघण्याआधीच विचारा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ साली या दोन प्रकारच्या औषधांच्या एकत्र वापराबद्दल सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. दोन्ही मिळून झोपेत श्वास मंदावतो आणि बाहेरून ते नुसतं गाढ झोपणं वाटतं.

रात्री एकदोनदा उठून बघा. हलवल्यावर जागा होतो का? श्वास एकसारखा आहे का? हलवूनही जाग येत नसेल, श्वास फार मंद किंवा अडखळत असेल, घरघरत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट बघायची नाही. आपत्कालीन सेवेला फोन करा आणि तोपर्यंत कुशीवर वळवून, हनुवटी थोडी वर करून धरा. पाणी पाजू नका. सतत उलट्या किंवा ताप असेल तर हॉस्पिटलला कळवा.

दोनतीन दिवसांनी डोकं शांत झालं की एक काम उरतं. मध्ये काही आठवत असेल, ऐकलेलं, दुखलेलं, घाबरवणारं, तर ते भूलतज्ज्ञाला जाऊन सांगा. स्वप्नात तेच येत असेल, झोप उडाली असेल तर जरूर सांगा. आम्हाला ते ऐकायचं असतं, आणि त्यावर मदतही मिळते. मग हॉस्पिटलच्या कागदांतून एका चिठ्ठीवर एवढं उतरवून घ्या: तारीख, कुठलं ऑपरेशन, कुठली गुंगीची औषधं दिली, किती लागली, उलट्या झाल्या का, जाग यायला किती वेळ लागला. चिठ्ठीचा फोटो काढून घरच्या एकाच्या फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी टेबलाशी जो कुणी उभा असेल, त्याच्या हातात पहिल्यांदा तीच द्या.